मालक नसलेलं मशीन

तिसऱ्या रविवारी सकाळी सातला ताई सर्व्हर रूममध्ये शिरली, तेव्हाच तिचं अंग मोडून आलं होतं. बाहेर उकाडा आणि आत हुडहुडी भरवणारा गारठा. दारामागच्या खुंटीवर टांगलेला, कोपरात विरलेला स्वेटर तिने अंगात चढवला, खुर्ची ओढली आणि यादी उघडली. बारा सर्व्हर हिरवे. सहा पांढरे. म्हणजे अजून सहा.

कंपनीचं काम दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळायचं. एकेका धडधाकट सर्व्हरच्या पोटात पंधरा-वीस व्हर्च्युअल मशीनं, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरमधले संगणक, नांदत असतात. कुठलं एखाद्या शाळेचं, कुठलं प्रयोगशाळेचं, कुठलं वकिलांच्या कचेरीचं. त्या सगळ्यांना एका छपराखाली नांदवणारं जे सॉफ्टवेअर, त्याची जुनी आवृत्ती आता बाद ठरली होती. अठराही सर्व्हरवर नवी चढवायची. पद्धत ठरलेली : एका सर्व्हरवरची सगळी मशीनं शेजारच्यावर हलवायची, रिकाम्या सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवायची, तो बंद-चालू करायचा, मशीनं परत आणायची. सांगायला चार वाक्यं, करायला पाऊण तास. आठवडाभर रोजचं काम असतंच, म्हणून यासाठी रविवार. ताईला सलग एकवीस दिवस सुट्टी नव्हती. सासूबाई काल म्हणाल्या होत्या, "तुझा चेहरा बघ, धुऊन वाळत घातल्यासारखा झालाय." चेष्टा करायचंही त्राण नसल्यामुळे ताई नुसतं "हो" म्हणाली होती.

तेरावा सर्व्हर सुरळीत पार पडला. चौदाव्यावर घोडं अडलं.

सतरा मशीनं गुपचूप शेजारी गेली, एक जागचं हलेना. नाव होतं 'तात्पुरतं-२'. सर्व्हरमध्ये बसवलेल्या, फोनची लाइन जोडणाऱ्या एका जुन्या टेलिफोन कार्डाला ते बांधलेलं होतं, म्हणून त्याला कार्ड सोडून जाता येत नव्हतं. यादीत मालकाचा रकाना रिकामा. आठ वर्षांपासून चालू.

तिने साहेबांना फोन लावला. साहेब घरी होते. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

"तात्पुरतं, आणि आठ वर्षं!" साहेब हसले. "ताई, बंद करा. कोण ओरडतं ते बघू. ओरडलं की कळेलच मालक कोण."

या धंद्यातली ही जुनीच रीत. ताईनेही ती कितीदा वापरली होती. नऊ वाजून पाच मिनिटांनी तिने मशीन बंद केलं. नवी आवृत्ती चढवण्याआधी पडद्यावर पिवळा इशारा आला : एक उपकरण यापुढे चालणार नाही. असे पिवळे इशारे तिने तीन रविवारांत इतके पाहिले होते, की डोळ्यांनी वाचायच्या आधीच बोटाने 'पुढे' दाबलं.

पावणेदहाला सर्व्हर नव्या आवृत्तीवर उभा राहिला. 'तात्पुरतं-२' मात्र सुरू होईना. कार्डच सापडत नव्हतं. कोणी ओरडलंही नव्हतं. ताई बाकीची मशीनं परत आणायला घेणार, तोच मोबाइल वाजला.

काकांचा फोन. काका म्हणजे तिचे जुने वरिष्ठ. हे काम ती त्यांच्याच हाताखाली शिकली होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, आणि वर्षात एखाद-दुसरा फोन व्हायचा, तोही दुपारी.

"तू आज कामावर आहेस का गं?"

"हो काका. का?"

"माझी ती लाइन लागत नाहीये. नुसती वाजतेय. चौदा नंबरमध्ये काही झालंय का?"

"काका, 'तात्पुरतं-२' तुमचं आहे?"

काकांनी सांगितलं. त्यांची थोरली बहीण एकटी राहायची. स्वयंपाकघरात पडली आणि दोन दिवस तशीच पडून होती; कोणाला पत्ता नाही. ती गेल्यावर काकांनी हे मशीन उभं केलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी रोज सकाळी दहाच्या आत त्या नंबरवर फोन करून 'एक' दाबायचा. म्हणजे मी ठीक आहे. ज्याचा फोन आला नाही, त्याच्या शेजाऱ्याला साडेदहाला मशीन स्वतःहून फोन करतं. सुरुवात पाच जणांपासून झाली. तोंडातोंडी वाढत एक्केचाळीस झाले.

"कोणाला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर करारपत्र मागितलं असतं. म्हटलं, महिनाभर चालवू आणि मग रीतसर काहीतरी करू." काका खाकरले. "मग राहूनच गेलं. आता त्यात माझंही नाव आहे. तुझी काकू गेल्यापासून."

ताईला काकू गेल्याचंही माहीत नव्हतं. आता विचारायला वेळ नव्हता. कोण ओरडतं ते बघू म्हणून तिने बंद केलं होतं, आणि ज्यांना ओरडता येणार नाही अशांसाठीच ते मशीन होतं.

तिने आधी सर्व्हर जुन्या आवृत्तीवर परत फिरवायला लावला. जुनी आवृत्ती बाजूच्या कप्प्यात शाबूत असते, पण म्हाताऱ्या सर्व्हरला उठून बसायलाच पाऊण तास लागणार होता. मशीनची फाइल सामाईक साठ्यात होती. ती दुसरीकडून उघडून तिने नावांची यादी काढली. बंद होण्याआधी सोळा जणांनी फोन केला होता. काका स्वतः फोनवर बोलतच होते. राहिले चोवीस.

"निम्मे मला दे," काका म्हणाले. पण ते एकेक आकडा तीनदा विचारून, मोठ्या अक्षरात लिहून, परत वाचून दाखवत होते. सहा नंबरांनंतर ताई म्हणाली, "काका, एवढे तुम्ही करा. बाकीचे माझ्याकडे."

आत पंख्यांचा घोंगाट म्हणून ती बाहेरच्या बोळात, पायरीवर बसली. स्वेटर तसाच अंगात.

पहिल्या आजोबांनी तिलाच फैलावर घेतलं. "तुम्ही कोण? मशीन कुठंय? मी तीनदा फोन केला!"

"मशीन दुरुस्तीला घेतलंय आजोबा. तुम्ही बरे आहात ना?"

"बरा आहे. उद्या मशीनच ठेवा. ते चौकशा करत नाही."

एक आजी इतक्या खूश झाल्या, की फोन ठेवेचनात. आठ वर्षं एक दाबतेय, आज पहिल्यांदा कोणी बोललं, म्हणाल्या. गुडघा, नातवाची परीक्षा, खिडकीत घरटं करणारं पाखरू असं सगळं ऐकताना ताई घड्याळाकडे बघत होती आणि 'ठेवते' म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती. सहा मिनिटं गेली. एक जण आंघोळीला गेले होते, त्यांच्यासाठी दोनदा फोन करावा लागला, आणि त्या दोन फोनांमधली पाच मिनिटं तिने नखं कुरतडत काढली.

शेवटून दुसऱ्या बाईंचा नंबर लागेचना. 'अस्तित्वात नाही' असं सांगत होता. ताईने शेजाऱ्याचा नंबर फिरवला. शिलाई मशीनचा खडखडाट थांबला. शेजारी शिंपी होता.

"तुमच्या शेजारच्या बाईंचा फोन लागत नाहीये. जरा बघून याल का?"

"त्या गेल्या हो. पाच आठवडे झाले. दवाखान्यात गेल्या, शांतपणे."

"पण इथे तर रोज 'ठीक' अशी नोंद आहे."

"ती मीच करतो." शिंप्याचा आवाज अवघडला. "साडेदहाला तुमच्या मशीनचा फोन येतो. ठीक असतील तर एक दाबा, मदत हवी असेल तर दोन. गेल्या, हे सांगायला बटणच नाही. दोन दाबलं तर धावपळ व्हायची. म्हणून एक दाबतो."

"नाव काढू का यादीतून?"

"काढा," तो म्हणाला. मग लगेच, "नाही... हो, काढाच. आधीच सांगायला हवं होतं मी. रोज त्या वेळी त्यांची आठवण व्हायची, एवढंच."

साडेदहाला दोन मिनिटं कमी असताना शेवटचे आजोबा "ठीक" म्हणाले. काकांचे सहाही ठीक होते. ताईने भिंतीला डोकं टेकलं. रडू येईल असं वाटलं, पण आली ती जांभई.

अकराच्या सुमारास सर्व्हर जुन्या आवृत्तीवर उठला आणि मशीन सुरू झालं. उरलेले चार सर्व्हर तिने ओळीने पार पाडले, प्रत्येक पिवळा इशारा शेवटच्या शब्दापर्यंत वाचून. तीन वाजून गेले. मग साहेबांना फोन केला आणि काही न लपवता सांगितलं, इशारा न वाचल्याचंसुद्धा.

"बंद करा असं मीच म्हणालो होतो," साहेब म्हणाले. आणि मग, साहेबच ते : "पण ताई, वर मला अठरा हिरवे दाखवायचेत."

"सतरा हिरवे आहेत. एक लाल राहील."

"उद्या त्यांच्यापैकी कोणाला काही झालं, तर जबाबदार कोण? करार नाही, मालक नाही."

"मालकाच्या रकान्यात माझं नाव टाकलंय."

साहेबांनी मोठा उसासा सोडला. "तीन आठवडे. त्यानंतर तो जुना सर्व्हर मी ठेवू शकत नाही. आणि कागदावर आणा सगळं, काय लागेल त्यावर सही करतो."

ते तीन आठवडे ताईने संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर काढले. कार्डाची गरज संपावी म्हणून तिने लाइन इंटरनेटवरच्या टेलिफोन सेवेवर हलवली, नंबर मात्र तोच ठेवला. तिसरा पर्यायही जोडला : 'ही व्यक्ती आता नाही, हे कळवायला तीन दाबा.' हे वाक्य कोणाच्या आवाजात ठेवावं हे तिला कळेना. शेवटी सासूबाईंनी म्हणून दिलं, एका दमात, न अडखळता.

मग चौदावा सर्व्हरही नव्या आवृत्तीवर गेला. साहेबांनी 'छान' एवढाच निरोप पाठवला.

ताईने काकांना कळवलं. त्यांनी नवी लाइन लावून बघितली, एक दाबला आणि परत तिला फोन केला.

"चालतंय. आता मी डोळे मिटले तरी हरकत नाही."

"काका!"

"अगं, गंमत. पण तू ओझं घेतलंस हो. रोजचं आहे हे. दमशील."

"दमलेच आहे, काका," ताई म्हणाली. "काकूंचं सांगा. काय झालं होतं त्यांना?"

आणि काका सांगू लागले.