उमाशंकरच्या गाडीतली उजेडाची केबल

मी एक जुनी केबल आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगते, माझं बोलणं गोड लागणार नाही. सध्या नांदेडच्या एका कार डेकोरच्या दुकानात, कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या बादलीत मी पडून आहे. बादलीत तुटक्या क्लिपा आहेत, जळके फ्यूज आहेत आणि येता-जाता लोक तिच्यातच थुंकतात. मला या बादलीची किळस येते. पण ज्या गाडीतून मी इथे आले, तिची किळस याहून जास्त आहे.

केबल म्हटलं की तुम्हाला तांब्याची तार आठवेल. माझ्यात तांबं नाही आणि वीजही नाही. माझ्या काळ्या कातडीखाली स्वच्छ प्लास्टिकचा एक धागा आहे आणि त्यातून लाल उजेड धावतो. गाडीच्या पुढच्या डेकमधलं गाणं त्या उजेडाच्या लुकलुकण्यातून डिकीतल्या अँप्लिफायरपर्यंत जातं. विजेच्या तारेत गाण्यासोबत इंजिनाची घरघरही शिरते. उजेडात ती शिरत नाही, गाणं जसंच्या तसं पोहोचतं. कारखान्यात माझी दोन्ही तोंडं घासून आरशासारखी केली होती. एखाद्या बाईचा बारीक सूर, तबल्यावरची बोटं, असलं काहीतरी नाजूक माझ्यातून जाईल या कल्पनेने मी तेव्हा हुरळून गेले होते.

गेलं काय, तर धडाम धुडूम!

उमरीच्या उमाशंकरने मला विकत घेतलं. त्याच्या बोअर मारायच्या गाड्या आहेत. खडक फोडणाऱ्या मशीनपाशी वर्षानुवर्षं उभं राहून साधा आवाज त्याला आवाजच वाटत नाही. याच दुकानातल्या वैजनाथ नावाच्या फिटरने मला गालिच्याखालून डिकीपर्यंत नेलं आणि गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून माझं एक टोक उपसून दाखवलं.

"बघा शेठ, करंट न्हाई यात. उजेड जाऊन राहिला, उजेड!"

"आयला, ही तर ज्योतच हाय की!" उमाशंकर म्हणाला. नवं सामान बसवलं म्हणून दुकानाच्या दारातच गाडीची पूजा चालली होती. त्याने ताटातलं ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि थेट माझ्या तोंडात भरलं. भक्ती चांगलीच असते हो, पण तुमच्या डोळ्यात कुणी कुंकू कोंबलं तर? टोक परत बसवलं तेव्हा गाणं वाजेना. मग वैजनाथने ज्या फडक्याने सकाळपासून ग्रीस पुसलं होतं, त्याच फडक्याने माझं तोंड पुसलं.

पुढचे दिवस मी डिकीत काढले. शेजारी बेसचा भला मोठा स्पीकर, खाली गुटख्याच्या पुड्या, वर चिकट बाटल्या. उमाशंकर आणि त्याचा दोस्त भागवत हदगावच्या बाजारात जायचे, भर रस्त्यात डिकी उघडायचे आणि बटण पिळायचे. माणसं जमायची. "काय वाजून राहिलंय राव! दुकानाच्या काचा हालून राहिल्या!" असं कौतुक व्हायचं. मला त्या कौतुकाची शिसारी यायची. गाणं कुणी ऐकतच नव्हतं, सगळे काचा बघत होते. आणि मी काय करणार? माझ्यातला उजेड तेवढाच असतो. आवाज वाढवायचं बटण माणसाच्या हातात असतं.

त्याची मुलगी तनुजा दुसरीत होती. गाडीत तिची जागा मागच्या सीटवर, म्हणजे स्पीकरला पाठ लावूनच. निलंग्याला मामाकडे जायचं असो की कुणाच्या लग्नाला, ती तिथेच बसायची. सुरुवातीला ती दोन्ही हातांनी कान झाकायची. उमाशंकर आरशात बघून हसायचा. "कान काय झाकून राहिलीस गं? बोअरवाल्याची पोर हायेस तू!" काही महिन्यांनी तिने कान झाकणं सोडलं. पोरगी धीट झाली, असं तो भागवतला अभिमानाने सांगू लागला.

तिची आई मनिषा मात्र काळजीत होती. हाक मारली तर पोरगी येत नाही, वर्गात लक्ष नाही म्हणून बाई तक्रार करतात, हे सगळं तिला नवऱ्याला सांगायचं होतं. घरी तो सापडत नसे, म्हणून ती गाडीत सांगायला बघायची. "अवं, तनूला ऐकू कमी येऊन राहिलं वाटतं," ती म्हणायची.

"काय?" तो ओरडायचा.

ती पुन्हा सांगायची. तो पुन्हा "काय?" म्हणायचा. हात लांब करून आवाज कमी करावा, एवढंही त्याला सुचत नसे. शेवटी ती "काही न्हाई" म्हणून खिडकीकडे तोंड फिरवायची. मला त्या माणसाचा इतका वीट आला होता की आपण तुटलो तर बरं, असं वाटायचं.

आणि मी तुटले. भागवतने पंक्चरचा जॅक काढला आणि काम झाल्यावर माझ्या अंगावर फेकला. मी काटकोनात वाकले आणि आतला धागा मोडला. उमरीत पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करणारे, सगळ्या गावाचे नरसिंगमामा आले. त्यांनी मला टेस्टर लावला. "मेली ही. करंटच न्हाई," ते म्हणाले. मग त्यांनी मला तोडलं, गुटख्याने लाल झालेल्या दातांनी माझी कातडी सोलली, दोन्ही तुकडे एकमेकांना पिळले आणि वरून काळी टेप गुंडाळली. उजेडाला असा पीळ मारतात का, सांगा! "गाडी जराशी गरम होऊ द्या, लागंल आपोआप," असं म्हणून ते गेले.

त्याच दुपारी उमाशंकर, मनिषा आणि तनुजा नांदेडला निघाले. गाडी गरम झाली, गाणं काही लागलं नाही. पहिल्यांदाच त्या गाडीत टायरांचा आवाज येत होता, मनिषाच्या बांगड्या ऐकू येत होत्या.

"तनू, पाण्याची बाटली दे गं," उमाशंकर म्हणाला.

तनुजा खिडकीतून बाहेर बघत होती.

"तनू! ए तनुजा!"

मनिषाने डोळ्यांना पदर लावला. उमाशंकरने चिडून गाडी कडेला घेतली आणि मागे वळून हात उगारला. तो हात बघून पोरगी दचकली. मग तिने विचारलं, "बाबा, गाणं बंद हाय का? पाठीला लागून न्हाई राहिलं."

त्याचा हात तसाच वर राहिला.

नांदेडात गाडी थेट कानाच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, दोन्ही कानांना ऐकायचं मशीन लावावं लागेल. गाडीत येऊन उमाशंकर ढसाढसा रडला. मला पहिल्यांदाच त्याची कीव आली. वाटलं, शहाणा झाला बिचारा.

तिथून तो सरळ वैजनाथच्या दुकानात आला आणि सगळं सामान काढायला लावलं. "फेकून देऊ का शेठ?" वैजनाथने विचारलं.

"फेकतो कशाला? लई भारी माल हाय. भागवत मागून राहिलाय, त्याच्या गाडीत बसव. केबल तेवढी नवी टाक."

किळस येणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी पुरतं कळलं. आपल्या पोरीच्या कानांसाठी रडलेला बाप ते स्पीकरचं खोकं दुसऱ्याच्या घरी पाठवत होता.

आज सकाळी भागवत येऊन गेला. त्याची बायको शिल्पा मागच्या सीटवर बसली होती आणि तिच्या मांडीवर तान्हं बाळ होतं. माझ्या जागी नवी केबल लागली. चकचकीत होती बिचारी, खुशीतही होती. वैजनाथने आवाज तपासायला बटण पिळलं. बाळाचं तोंड रडताना उघडलेलं मला दिसलं, पण रडणं कुणालाच ऐकू आलं नाही. भागवत मान हलवत होता.

मित्रांनो, मी तर आता भंगारात जाईन. तुम्ही मात्र अशा गाडीत बसलात तर गप्प बसू नका. आवाज कमी करायला सांगा. ऐकलं नाही तर स्वतः पुढे वाकून बटण फिरवा, मोठी माणसं रागावली तर रागावू द्या. तुमचा हात तिथवर पोहोचतो. त्या बाळाचा पोहोचत नाही.