स्वतःचे केस सोडून

मावशीच्या सलूनमध्ये सोमवारी सकाळी गिऱ्हाईक नसतं, म्हणून कारागीर एकमेकांचे केस कापतात. कोणी कोणाचे कापायचे ते माझा प्रोग्राम ठरवतो. अट एकच, स्वतःचे स्वतः कापायचे नाहीत. बदल्यात सलूनवरची खोली माझी.

वर्षभर सगळं सुरळीत होतं. मग कमरेपर्यंत वेणी असलेली एक नवी मुलगी कामाला लागली. तिचं नाव मी यादीत शेवटी टाकलं. पहिल्याच सोमवारी ती दोन आरशांमध्ये मान मुरडून स्वतःच्या वेणीला कात्री लावताना सापडली.

"अगं, हे काय?" मावशी किंचाळली.

"कॉम्प्युटरने सांगितलं."

मावशी माझ्याकडे वळली. "दुपारपर्यंत नीट कर, नाहीतर गादी गुंडाळ. त्यापेक्षा चिठ्ठ्या बऱ्या."

मी कोड उघडला. एकेकाला ओळीने घ्यायचं आणि तो स्वतः सोडून उरलेल्यांतला कोणीही त्याला द्यायचा, असं मी लिहिलं होतं. गंमत अशी, की कधीकधी शेवटच्यासाठी तो स्वतःच उरतो. मग वर्षभर कोणी ओरडलं कसं नाही? आधी यादीत शेवटी कोण होतं?

आरसेकाका. त्यांच्या गुळगुळीत डोक्यात बघून गिऱ्हाइकं भांग पाडतात.

"काका, तुम्हाला तुमचंच नाव यायचं?"

"यायचं की! मग मी खुर्ची मागे टाकून मस्त डुलकी काढायचो. मला वाटलं, तू मुद्दाम ठेवलंयस. म्हटलं, पोरगा समजूतदार आहे."

मी सगळं पुसून नव्याने लिहिलं. आधी प्रत्येकाच्या हातात स्वतःचीच चिठ्ठी. शेवटच्याने यादीत आपल्या वरच्यांपैकी कोणाशीतरी हातातली चिठ्ठी बदलायची, मग त्याच्या लगेच वरच्याने स्वतःच्या वरच्यांपैकी कोणाशीतरी, असं थेट वरपर्यंत. जागेवर थांबायची मुभा कोणालाच नाही. यादीवरून एकदा हात फिरला की काम संपलं. परत पिसायला नको, आणि स्वतःची चिठ्ठी कोणाकडेच राहत नाही. शिवाय दोघं एकमेकांच्याच वाट्याला येत नाहीत, त्यामुळे सूड उगवायची सोयही गेली.

मावशीने मला तो प्रोग्राम दुपारपर्यंत पुन्हापुन्हा चालवायला लावला. एकदाही कोणी स्वतःच्या हाती सापडलं नाही.

शेवटच्या वेळी नव्या मुलीच्या वाट्याला आरसेकाका आले. तिने त्यांना टॉवेल गुंडाळला, पाणी फवारलं आणि गंभीर चेहऱ्याने हवेत कात्री चालवली.

"मागून जरा बारीक कर," काका डोळे मिटत म्हणाले.

मावशीने हसू दाबलं. "जा वर. गादी राहू दे तिथेच."