बिल्टी न केलेले नारळ

मी एक जुना सहा टायरी मालट्रक आहे. जुना म्हणालो म्हणून लगेच दया दाखवू नका. माझं इंजिन अजून धडधाकट आहे. पण मित्रांनो, ते चालू करून उपयोग काय? येडशीजवळ हमरस्त्याला लागून सोमलिंग मिस्त्रींचं गॅरेज आहे. त्याच्या मागच्या आवारात, कुंपणाच्या तारेला नाक लावून मी चौदा महिने उभा आहे. डावी बाजू चेपलेली, पुढची दोन्ही चाकं काढलेली, त्यांच्या जागी विटांचे थर. तारेपलीकडे रस्ता दिसतो. माझ्या बरोबरीच्या गाड्या त्यावरून हॉर्न वाजवत जातात आणि मला इथून हलता येत नाही. कोंबड्यांनी माझ्या हौद्यात संसार मांडला आहे. चिडून तरी काय करणार?

माझा जन्म असा झाला. कारखान्यातून निघालो तेव्हा मी नुसता सांगाडा होतो. इंजिन, चाकं आणि बसायला एक फळी, एवढंच. त्याला चॅसी म्हणतात. सोलापूरच्या एका कारागिराने माझ्यावर केबिन चढवली, माल भरायला हौदा बांधला, मागे उघडझाप करायला फाळका बसवला. पेंटरने कपाळावर ‘आई येडेश्वरी प्रसन्न’ असं झोकात लिहिलं आणि फाळक्यावर दोन मोर काढले. त्यातला एक कोंबडीसारखा झाला आहे, पण मी कधी बोलून दाखवलं नाही.

माझा मालक भागवत, येडशीच्या पलीकडच्या एका लहान गावचा. दहा वर्षं दुसऱ्याच्या गाड्या चालवून त्याने मला घेतलं, त्यामुळे तो मला फार जपायचा. दर अमावास्येला धुवायचा, लिंबू-मिरची बदलायचा, चढाला गिअर टाकताना ‘चल रे पठ्ठ्या’ म्हणायचा. आम्ही मुरुमच्या बाजारातून तूर, हरभरा, सोयाबीन भरायचो आणि लातूर-सोलापूरच्या गिरण्यांना पोचवायचो. ते दिवस आठवले की अजूनही माझी पाठ ताठ होते.

मुरुमला आमचं भाडं जमवून देणारं एक ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं. तिथले मुनीम बाबूराव म्हणजे कागदाचा माणूस. चष्मा नाकाच्या टोकावर आणि हाताखाली बिल्टीबुक. बिल्टी म्हणजे मालाची चिठ्ठी. माल कुणी पाठवला, कुणी घ्यायचा, पोती किती, गाडीचा नंबर कोणता, हे सगळं त्या एका कागदावर असतं. भाडं पोचल्यावर घेणाऱ्याने द्यायचं असेल तर त्यावर ‘टू पे’ असा शिक्का बसतो. घेणाऱ्याने माल वेळेत उतरवला नाही आणि गाडी अडकवून ठेवली, तर दिवसाप्रमाणे हॉल्टिंग लागतं. माझ्या या चौदा महिन्यांचं हॉल्टिंग कुणाकडे मागायचं, ते मात्र बाबूरावांनी कधी सांगितलं नाही.

माझा विमा काढला तो मुकुल नावाच्या एजंटाने. चहाच्या टपरीवर, मोटारसायकलवरून न उतरताच त्याने भागवतला सगळं समजावलं. थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो. माझ्यामुळे रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं, तर भरपाई त्यातून मिळते. ‘फुल’ विमा घेतला तर त्याच्या जोडीला माझी स्वतःची दुरुस्तीही निघते. भागवतने फुल घेतला आणि फुल म्हणजे सगळं आलं, अशी मनाची समजूत करून घेतली. दोन वर्षांनी फाटक्या ताडपत्रीतून अवकाळीचं पाणी शिरलं आणि तुरीची पोती भिजली. तेव्हा कुठे त्याला कळलं, की आतल्या मालाचा विमा वेगळा घ्यावा लागतो. त्याने नवी ताडपत्री आणली. पॉलिसी काही वाचली नाही. ती केबिनमध्ये देवीच्या फोटोमागे प्लास्टिकच्या पिशवीत सुखाने झोपली होती. तिच्यात एक अट होती. मालाच्या गाडीत प्रवासी बसवायचे नाहीत. बसलाच तर मालाचा धनी आपल्या मालासोबत बसू शकतो. एवढ्या एका ओळीने पुढे आम्हा सगळ्यांचे गळे आवळले.

त्या वर्षी येरमाळ्याला येडेश्वरीची चैत्री यात्रा होती. भागवतच्या शेजारी राहणाऱ्या द्वारकाबाई तिथे दरवर्षी नारळ, हळद-कुंकू आणि परड्यांचं दुकान मांडत. नवऱ्यामागे त्यांनी त्या दुकानावर दोन मुली उजवल्या होत्या. माल नेणारा टेम्पो ऐनवेळी आला नाही, म्हणून त्या भागवतकडे आल्या. मला तसंही रिकामंच येरमाळ्याकडे जायचं होतं. भागवतने आठ पोती नारळ आणि परड्यांचे भारे हौद्यात रचले, वर ताडपत्री ताणली. व्यवहाराला बाई चोख. भाडं घे आणि एक चिठ्ठी फाड, असं त्यांनी सांगून पाहिलं. भागवतला ते लागलं.

“घरच्या मान्साची कुटं बिल्टी करतेत व्हय, मावशी?” तो म्हणाला. “गाव तोंडात शेण घालंल माझ्या. बसा गुमान.”

आमच्याकडे ही रीतच आहे. परक्याला पावती आणि आपल्याला शब्द. आपल्या माणसाकडे कागद मागणं किंवा त्याला कागद देणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, असं सगळे मानतात. मीही तेव्हा तसंच मानत होतो. मावशी माझ्या डाव्या सीटवर बसल्या आणि आम्ही निघालो. उन्हं नुकती चढली होती. मावशी यात्रेतल्या गमती सांगत होत्या आणि भागवत पोट धरून हसत होता.

येरमाळा चार-पाच किलोमीटरवर असताना माझं पुढचं डावं टायर फुटलं. मी डावीकडे ओढला गेलो, छोट्या पुलाच्या कठड्यावर आदळलो आणि कलंडलो. भागवतला खरचटण्यावर निभावलं. मावशींचा पाय मात्र चेपलेल्या दारात अडकला. त्यांचं वजन माझ्या पत्र्यावर होतं आणि माझा पत्रा त्यांच्या पायावर. मला तसूभरही मागे सरता येत नव्हतं. भागवतने जॅकच्या दांड्याने दार उचकटून त्यांना बाहेर काढलं, त्याला वीस मिनिटं लागली. ती वीस मिनिटं मला या चौदा महिन्यांपेक्षा मोठी वाटतात.

नारळ रस्ताभर गडगडले होते. यात्रेला चाललेली माणसं धावली. काहींनी मावशींना जीपमध्ये घातलं, भागवतही त्यांच्यासोबत गेला. काहींनी नारळ गोळा करून पोती पुन्हा शिवली. बाईचा माल वाया जाऊ नये म्हणून आमच्या गावच्या लोकांनी तो पोलीस यायच्या आत दुकानावर पोचवला आणि यात्रेत विकूनही टाकला. किती चांगली माणसं! त्यांच्या चांगुलपणाने माझा हौदा रिकामा झाला आणि पोलिसांनी पंचनाम्यात लिहिलं, ‘रिकाम्या मालट्रकमध्ये बसलेली प्रवासी महिला जखमी.’

तिथून आम्ही अडकलो ते अडकलोच. विमा कंपनीचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजणारा माणूस, आला. त्याने माझे फोटो काढले आणि पुढचं ठरेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, असं मिस्त्रींना बजावलं. मालाच्या गाडीत प्रवासी बसवून अट मोडली, म्हणून कंपनीने माझी दुरुस्तीही थांबवली आणि मावशींची भरपाईही. मावशींच्या पायात सळई घातली होती, पण हाड जुळलं नव्हतं. दुसरं ऑपरेशन झालं नाही तर पाय जन्मभर वाकडा राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कंपनीने हात वर केले तर सगळा भार भागवतवर. भागवतची कमाई म्हणजे मी. आणि मी विटांवर! मावशी प्रवासी होत्या की मालाच्या धनी, हे ठरल्याशिवाय तिघांपैकी कुणाचीच सुटका नव्हती.

मुकुलने वाट काढली. अपघाताच्या दिवसाची तारीख घालून एक बिल्टी करून आणा, तो म्हणाला, आठ पोती नारळ, मालक द्वारकाबाई. यात खोटं तरी काय आहे? भागवत मुरुमला गेला. बाबूरावांनी तीन वेळा नाही म्हटलं. चौथ्या वेळी भागवत त्यांच्या ओट्यावर बसून रडला, तेव्हा म्हाताऱ्याचा हात बिल्टीबुकाकडे गेला. मावशींनीही सही केली. भागवत माझ्यापाशी येऊन मला हे सगळं सांगायचा. सांगताना तो माझ्या दिव्यांकडे बघायचा नाही.

मग एक दिवस कंपनीच्या तपास अधिकारी निवेदिता मॅडम गॅरेजवर आल्या. त्यांनी भागवत, मुकुल आणि मावशींना तिथेच बोलावून घेतलं होतं. मावशी वॉकर टेकत टेकत आल्या. मिस्त्रींनी त्यांच्यासाठी खुर्ची आणली आणि माझ्या सावलीत ठेवली. मॅडमनी आवाज चढवला नाही. बिल्टीबुकावर छापील नंबर असतात, त्या म्हणाल्या, आणि या बिल्टीचा नंबर अपघाताच्या दिवसापेक्षा सहाशेने पुढचा आहे. मुकुल लगेच पुढे सरसावला. छापखान्याची चूक आहे, छापखानेवाला तसं लिहून द्यायला तयार आहे, असं त्याने सांगितलं. मॅडम मावशींकडे वळल्या. ही सही तुम्ही त्या दिवशी सकाळी केली का, एवढंच त्यांनी विचारलं.

मावशींनी भागवतकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. त्या हो म्हणणार होत्या. मित्रांनो, मी खोटं सांगणार नाही, त्यांनी हो म्हणावं असंच मला वाटत होतं. तारेपलीकडे रस्ता होता. एक हो, आणि माझी चाकं परत येणार होती. भागवत, तू गप्प राहा, मी मनात म्हणत होतो. नुसता गप्प राहा.

“थांबा, मावशी,” भागवत म्हणाला. “मॅडम, बिल्टी खोटी हाय. म्या मागनं करून आनली, मुनीमजीच्या पाया पडून. नारळ खरे व्हते.”

मुकुल मोटारसायकलकडे चालू लागला. मॅडमनी मावशींना विचारलं, नारळ विकत घेतल्याचा काही पुरावा आहे का? मावशींनी पिशवीतून घडी पडलेला एक कागद काढला. ठोक व्यापाऱ्याचं बिल होतं ते, अपघाताच्या आदल्या दिवसाचं. आठ पोती नारळ, खाली व्यापाऱ्याची सही. रस्त्यावर नारळ गोळा करणाऱ्या तिघा जणांची नावंही त्यांना तोंडपाठ होती.

“हे आधी का नाही दाखवलंत?” मॅडमनी विचारलं.

“कुनी इचारलंच न्हाय, बाई. समदे आपले बिल्टी, बिल्टीच करत व्हते.”

सोमलिंग मिस्त्रींनी कपाळाला हात लावला आणि कानडीत काहीतरी पुटपुटले. मॅडमनी बिलाचा फोटो घेतला, तिघांची नावं लिहून घेतली आणि निर्णय कळवू म्हणून निघून गेल्या. जाताना त्यांनी एकदा माझ्या फाळक्यावरच्या मोरांकडे पाहिलं. का, कोण जाणे.

महिन्याभराने पत्र आलं. ते भागवतने माझ्या पायरीवर बसून मोठ्याने वाचलं. त्या तिघांच्या जबान्या झाल्या होत्या. द्वारकाबाई आपल्या मालासोबत बसल्या होत्या हे कंपनीने मान्य केलं होतं आणि त्यांच्या भरपाईला हरकत घेणार नाही, असं लिहिलं होतं. माझा दावा मात्र नामंजूर. दाव्याला खोटा कागद जोडला, हे कारण. बाबूरावांनी स्वतःहून ऑफिस सोडलं. तीस वर्षांत खोटी म्हणून तेवढी एकच बिल्टी त्यांच्या हातून लिहिली गेली होती.

मावशींचं ऑपरेशन झालं. परवा त्या काठीशिवाय माझ्यापर्यंत चालत आल्या. सावकाश, पण आपल्या पायांनी. चेपलेल्या दारावर त्यांनी बराच वेळ हात ठेवला. दार त्यांच्या हाताखाली गरम झालं होतं, उन्हाने असेल. भागवत आता पुन्हा दुसऱ्याची गाडी चालवतो. त्याने मला भंगारवाल्याला दिलं आहे. उद्या सकाळी गॅस कटर येईल. इंजिन कुणाला तरी उपयोगी पडेल, बाकी सगळं तोलून जाईल. भागवत उद्या यायचा नाही. ते बरंच आहे.

रागावलो नाही असं सांगितलं तर तुम्हाला ते खरं वाटणार नाही. भागवत बोलला तेव्हा मला त्याचा फार राग आला होता. नंतर मावशींना चालताना पाहिलं आणि तो गेला. आता एकच मागणं आहे. माझ्यासारख्या गाड्यांना तेल-पाणी द्या, टायर झिजलं की बदला, पॉलिसी देवीच्या फोटोमागे ठेवण्याआधी एकदा वाचा. आणि आपल्या माणसाला कागद देताना लाजू नका. परक्याचं एखाद्या वेळी कागदाविना निभावेल, आपल्या माणसाचं निभावत नाही. कारण त्याच्यासाठी आपण खोटं बोलायलाही तयार होतो. त्या सकाळी भागवतने मावशींना एक चिठ्ठी फाडून दिली असती, तर मित्रांनो, मी आत्ता मुरुमच्या बाजारात पोती भरून घेत उभा असतो आणि तुम्हाला ही गोष्ट सांगायला मला सवडच मिळाली नसती.