हातभर वायर

दुकानदाराने काउंटरच्या काचेवर गाडीचे दोष शोधायचे तीन स्कॅनर मांडले आणि विचारलं, "मेस्त्री, तुमच्याकडे कामाला माणसं किती?"

"दोघं," मेस्त्री म्हणाला.

सात महिन्यांपूर्वीपर्यंत ते खरं होतं.

मेस्त्रीचं गॅरेज म्हणजे घराला लागून असलेली पत्र्याची शेड. बस डेपोतून निवृत्त झाल्यावर त्याने ती उभी केली. दुसरं माणूस म्हणजे त्याची थोरली बहीण. दोघंही बिनलग्नाची, एकाच घरात राहिलेली. ताईला पाना धरता येत नव्हता. ती ड्रायव्हरच्या जागी बसायची. मेस्त्री बॉनेटखाली वाकलेला असे आणि इंजिन चालू असताना हाक पोचत नसे, म्हणून त्यांनी खुणा ठरवल्या होत्या. पत्र्यावर एकदा टकटक केली की चावी फिरवायची. दोनदा केली की ॲक्सिलरेटर दाबून धरायचा. तीनदा म्हणजे बंद. ताई विणकाम मांडीवर घेऊन बसे आणि मधूनच काच खाली करून ओरडे, "मागच्या बाजूला फुसफुसतंय रे. तुझ्या कानांत डेपो भरलाय, तुला काय कळणार."

ते खरंच होतं. चाळीस वर्षं डिझेल इंजिनांच्या तोंडाशी काढल्यावर मेस्त्रीला मोठे आवाज ऐकू येत, बारीक येत नसत. हात त्याचे होते, कान तिचे. ती गेल्यावर लागोपाठ दोन गाड्यांचं निदान चुकलं. गिऱ्हाइकांनी भांडण केलं नाही, नुसतं येणं थांबवलं. उरली होती एक नर्सबाई. तिची गाडी सिग्नलला उभी राहिली की बंद पडत होती आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा पेटत होता. हे जमलं नाही तर शेडला कुलूप लावायचं, असं मेस्त्रीने मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि कुलूप लावल्यावर सकाळी उठून जायला त्याला दुसरी जागा नव्हती.

"हा अंगठ्याएवढा," दुकानदार सांगू लागला. "स्टिअरिंगखालच्या खोबणीत खोचायचा. वायर नाही. आकडे मोबाइलवर दिसतात. मोबाइल कुठेही न्या. स्मार्टफोन आहे ना?"

मेस्त्रीने खिशातून बटणांचा फोन काढून दाखवला.

"हा जपून ठेवा, संग्रहालयवाले मागायला येतील." दुकानदाराने दुसरा स्कॅनर पुढे सरकवला. "मग हा घ्या. किंमत तेवढीच. स्वतःचा पडदा आहे, पडला तरी फुटत नाही. फक्त वायर हातभर. म्हणजे एकाने आत बसून आकडे वाचायचे, दुसऱ्याने पुढे काम करायचं. तुम्ही दोघं आहात म्हटल्यावर प्रश्नच मिटला."

"आणि तिसरा?"

"त्याच्याकडे नुसतं बघायचं. तुमची शेड विकलीत तर त्याचं कव्हर येईल."

घरी कपाटाच्या खणात ताईचा स्मार्टफोन होता. तो बंद करून ठेवल्याला सात महिने झाले होते. वायरवाला स्कॅनर पिशवीत घालून मेस्त्री घरी आला.

स्कॅनरने पहिल्याच दिवशी दोष सांगितला: इंजिनाला हवा जास्त, पेट्रोल कमी. मेस्त्रीने एअर फिल्टर साफ केला, नळ्यांवरच्या दिसल्या तेवढ्या पट्ट्या आवळल्या आणि दोष पुसायचं बटण दाबलं. पिवळा दिवा विझला. दहा मिनिटं इंजिन चालवलं, दिवा आला नाही. त्याने गाडी देऊन टाकली. दिवा विझणं वेगळं आणि दोष जाणं वेगळं, हे त्याने स्वतः डेपोत नव्या माणसांना घसा कोरडा होईपर्यंत सांगितलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी नर्सबाई परत आली. गणवेशातच होती.

"काका, चौकात दोनदा बंद पडली. मागे ट्रक. त्या ट्रकवाल्याने माझ्या सात पिढ्या उद्धारल्या."

"दिवा?"

"तो तर देवासमोर लावल्यासारखा तेवतोय." ती हसली, पण खुर्चीवर बसली नाही. "काका, स्पष्ट बोलते, राग मानू नका. शनिवारी दुपारपर्यंत बघा. नाहीतर मी कंपनीच्या गॅरेजात टाकते. मला वॉर्डात वेळेवर पोचावं लागतं."

"राग कसला," मेस्त्री म्हणाला. "रास्त आहे."

गाडी ठेवून जाताना तिने ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. "ताई असत्या तर एव्हाना मला दोन शब्द सुनावले असते. क्लचवर पाय ठेवून चालवतेस म्हणून."

"ठेवतेसच," मेस्त्री म्हणाला.

शुक्रवारी सकाळी तो कामाला लागला. हवा कुठून तरी चोरून आत शिरत होती. म्हणजे एखादी रबराची नळी चिरलेली असणार. अशा वेळी इंजिनाचा संगणक कमतरता भरून काढायला नेहमीपेक्षा जादा पेट्रोल सोडतो, आणि किती टक्के जादा ते स्कॅनरवर दिसतं. तो आकडा तेवीस होता. एकेक नळी चिमटीत दाबायची. जी दाबल्यावर आकडा उतरेल, ती चोर. काम सोपं होतं. अडचण एवढीच की नळ्या पुढे होत्या आणि आकडा आत.

तो नळी दाबे, मनात वीसपर्यंत मोजे, सोडे आणि वळसा घालून दाराशी जाई. तोवर आकडा पुन्हा तेवीस. त्याने स्कॅनर खिडकीतून बाहेर लटकवून पाहिला, वायर पुरली नाही. आरसा बांधून पाहिला, आकडे उलटे आणि मुंगीएवढे दिसले. अशा अकरा फेऱ्या झाल्या. बाराव्या वेळी, इंजिन गचके देऊ लागलं तेव्हा, त्याने न पाहताच बॉनेटच्या पत्र्यावर दोनदा टकटक केली.

आणि वाट पाहिली.

इंजिन आणखी दोन गचके खाऊन बंद पडलं. मेस्त्रीने हात पुसले, स्कॅनर खोक्यात भरला आणि दुकानाकडे निघाला.

"बिघडला?" दुकानदाराने विचारलं.

"नाही. बदलून हवा. तो अंगठ्याएवढा द्या."

"अहो, दोघं आहात ना तुम्ही?"

"एकटाच आहे," मेस्त्री म्हणाला. हे त्याने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांना सांगायची गरज पडली नव्हती.

दुकानदाराने खोकं उघडून वायर तपासली. "हे आधी बोलायचं ना. आणि मोबाइल?"

"आहे घरात एक."

दुकानदाराने खोकं बदललं आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, आधी काय दाबायचं, मग काय.

फोन चार्ज व्हायला रात्र गेली. त्याला कुलूप नव्हतं. माझ्या फोनात चोरण्यासारखं काय आहे, असं ताई म्हणे. कागदावर बोट ठेवत ठेवत शनिवारी साडेबाराला मेस्त्रीने स्कॅनर जोडला. फोन रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर टेकवून ठेवला, अगदी नाकासमोर. इंजिन चालू होतं. आकडा तेवीस.

पहिली नळी दाबली. काही नाही. दुसरी, तिसरी, काही नाही. मागच्या बाजूला, इंजिन आणि त्यामागच्या पत्र्याच्या भिंतीच्या मध्ये, करंगळीएवढी एक नळी होती. तिथे हात जाईना. त्याने घड्याळ काढलं, बाही वर केली, कोपर खरचटवून हात घातला आणि नळी चिमटीत दाबून धरली.

एकोणीस. चौदा. नऊ.

तेवढ्यात पडदा पांढरा झाला आणि फोन मोठ्याने वाजू लागला. आकडा गेला. त्याच्या जागी ताईने कधीतरी लिहून ठेवलेली दोन वाक्यं आली:

"एक वाजला. त्याला जेवायला हाक मार. हात धुवायला लाव."

मेस्त्रीला नळी सोडता येत नव्हती. सोडली असती तर पहिल्यापासून सगळं. दुसरा हात इंजिनावर टेकलेला होता, तो काढला असता तर तोल गेला असता. म्हणून तो तसाच वाकून राहिला आणि फोन समोर वाजत राहिला. रोज एक वाजता ताई दारात येऊन ओरडे, आणि तिला वेळ बरोबर कशी कळते याचं त्याला कायम नवल वाटे. हा गजर घरात वाजत असणार. त्याला तो कधी ऐकू आला नव्हता.

मिनिटभराने आवाज आपोआप थांबला. पडद्यावर आकडा परत आला. चार.

त्याने नळी सोडली, इंजिन स्वतः जाऊन बंद केलं आणि नळी कापून बाहेर काढली. खालच्या अंगाला नखाएवढी चीर होती. शेडमधल्या खणातली नवी नळी बसवायला वीस मिनिटं लागणार होती. त्याने आपल्या बटणांच्या फोनवरून नर्सबाईला फोन लावला.

"सापडलं. तीनला ये."

"नक्की ना काका? की परत दिवा विझवलात?"

"दोष सापडलाय. दिवा अजून पेटलेलाच आहे. तू आल्यावर तुझ्यासमोर विझवतो."

ताईचा फोन पुन्हा वाजला. दहा मिनिटांनी परत आठवण करायची, असं तिने त्यात घालून ठेवलं होतं. एका हाकेला तो कधीच उठत नसे. पडद्यावर दोन चौकोन होते, 'बंद करा' आणि 'थोड्या वेळाने'. मेस्त्रीने करंगळीने, कारण तेवढीच स्वच्छ होती, 'थोड्या वेळाने' दाबलं.

मग नळावर जाऊन त्याने साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, आणि ताट वाढून घ्यायला आत गेला.