पुस्तकात नसलेला नळ

सुमंतने आरव्ही घेतली तेव्हा मी महिनाभर त्याच्याशी धड बोलले नव्हते. इथे अमेरिकेत, श्रूजबरीत आमचं चार बेडरूमचं घर आहे, त्यातली अडीच बाथरूम मी घासते. मग चोवीस फूट लांबीचं आणि चाकं असलेलं दुसरं घर कशाला, एवढाच माझा साधा प्रश्न होता. त्याचं उत्तर मिळालं ते मेन राज्यातल्या एका तळ्याकाठी, सकाळी सहाला. ह्या माणसाने आरव्हीच्या शेगडीवर आलं घालून चहा केला आणि मला अंथरुणात आणून दिला. घरात पस्तीस वर्षांत एकदाही दिला नव्हता. त्या दिवसापासून मी गाडीच्या बाजूने झाले.

पाच वर्षं आम्ही फिरलो. गाडी सुमंत चालवायचा, स्वयंपाक आणि कुरकूर माझ्याकडे. मग यंदा ऑगस्टमध्ये त्याला पॅरालिसिसचा हलका झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, चालणं महिन्याभरात सुधारलं, पण उजवा हात रुसला तो रुसलाच. कपाचा कान धरता येईना, शर्टाचं बटण लागेना. थेरपिस्ट म्हणाली, सहा महिने धीर धरा. मी धरला, सुमंतने धरला नाही. तो सोफ्यावर जाऊन बसला आणि बसूनच राहिला. ऑक्टोबरात एकदा डाव्या हाताने चमच्याने वरणभात खाता खाता म्हणाला, गाडी विकून टाकू.

आमचा मुलगा निमिष टेक्सासमध्ये अर्विंगला असतो. त्याला हे फारच पटलं. "आई, जरा प्रॅक्टिकल हो," तो फोनवर म्हणाला. "बाबा ती ड्राइव्ह करू शकत नाहीत, तू करत नाहीस. मग ती ड्राइव्हवेमध्ये उभी करून काय पूजा करायचीय?" त्याने दोन दिवसांत एक डीलरही शोधून काढला. एरवी ह्याच मुलाला वाढदिवसाचा फोन करायला आठवण करून द्यावी लागते.

मी कडाकडा भांडले. शेवटी तिघांत असं ठरलं की हिवाळाभर गाडी ठेवायची आणि एप्रिलमध्ये सगळे नळ सोडून बघायचे. गाडी धड निघाली तर राहील, पण थंडीने एक जरी पाइप फुटलेला सापडला तर मी तोंडातून ब्र न काढता विक्रीच्या कागदावर सही करायची. आमच्याकडच्या थंडीत पाइपात वाटीभर पाणी राहिलं तरी त्याचा बर्फ होतो आणि पाइप उभा चिरतो. म्हणून दरवर्षी हिवाळ्याआधी गाडीतला थेंब न थेंब बाहेर काढावा लागतो. हे काम नेहमी सुमंत करायचा. यंदा मी करीन म्हणाले. खरं सांगायचं तर मला गाडीपेक्षा सुमंतची काळजी होती. तो सोफ्यावरून उठायला हवा होता, आणि उठला तर ह्या गाडीसाठीच उठेल अशी माझी खात्री होती.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी मी कंपनीचं पुस्तक हातात घेऊन कामाला लागले. तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढली आहेत. लिहिलेली पद्धत एकही पायरी न गाळता कशी करायची हे मला कोणी शिकवू नये. सुमंतला कोट-टोपी चढवली आणि गाडीच्या दाराशी फोल्डिंगच्या खुर्चीत बसवलं. आधी टाकी रिकामी केली. मग गरम पाण्याचा हीटर मोकळा केला, फिल्टर काढला. पंपाची नळी थंडीत न गोठणाऱ्या गुलाबी अँटिफ्रीझच्या कॅनमध्ये सोडली. इंजिनात घालतात ते विषारी वेगळं, हे पिण्याच्या पाण्याच्या पाइपांसाठी असतं. मग एकेक नळ उघडत गेले. आधी पाणी यायचं, मग फेस, मग गुलाबी धार. धार आली की नळ बंद करायचा आणि पुढच्याकडे वळायचं. सिंक, बेसिन, शॉवर, कमोड, सगळे पुस्तकातल्या क्रमाने झाले.

फ्रीजने मात्र दिवस खाल्ला. त्यात बर्फ करायचं मशीन आहे आणि त्याच्या पाठीमागे एक बारीक नळी. तिच्यातलं पाणी काढायला मशीनला बर्फ करू देणं हाच उपाय. ते दीड-दोन तासांनी आठ खडे पाडायचं आणि पुन्हा गप्प बसायचं. तोवर मी फ्रीज उपसला. नारळाचा चव निघाला, मटारची पिशवी निघाली, जुलैतलं अर्धा डबा आम्रखंड निघालं. आतून सगळं खायच्या सोड्याने पुसलं. बंद दाराआड बुरशी धरते म्हणून फटीत टॉवेलची गुंडाळी अडकवायची असते, तीही तयार ठेवली. संध्याकाळी साडेपाचला खड्यांऐवजी गुलाबी लगदा पडला, तेव्हा मला पुन्हा एकदा बीएस्सी झाल्याचा आनंद झाला.

दिवसभरात सुमंत चार वाक्यं बोलला असेल. मला येत असलेल्या गोष्टीही मी मुद्दाम त्याला विचारत होते. हा व्हॉल्व्ह डावीकडे की उजवीकडे? पुस्तकात बघ, म्हणाला. शेवटी हात पुसत मी बाहेर आले. "काही राहिलं का रे?"

त्याने गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नाही," म्हणाला. "झालं सगळं."

नंतर दोन आठवडे हवा बरी होती. मग एका शनिवारी खरी थंडी आली. रात्री पारा शून्याखाली नऊ अंशांवर जाणार असं सकाळपासून सांगत होते. मी दुपारी भाजी आणायला इंडियन ग्रोसरीत गेले. कढीपत्ता घेऊन वळले, तर कुकर आणि स्टीलच्या डब्यांच्या बाजूला भिंतीवर पाकिटं टांगलेली दिसली. बाथरूमचा जेट, नळीसकट. मी तिथेच उभी राहिले.

अमेरिकन आरव्हीच्या संडासात कागद असतो, पाणी नसतं. एवढ्या एका बाबतीत आम्ही दोघंही अजून अमेरिकन झालेलो नाही. म्हणून पहिल्याच वर्षी सुमंतने पुण्याहून पितळी जेट आणला, कमोडमागच्या पाइपाला फाटा काढला, वेगळा कॉक लावला आणि तो बसवला. गाडी बघायला येणाऱ्या मराठी पाहुण्यांना तो इंजिनाआधी हा जेट दाखवायचा. कंपनीच्या पुस्तकात त्याचं नाव कुठून असणार? मी पुस्तकातलं सगळं केलं होतं. त्या फाट्यात आणि जेटच्या नळीत उन्हाळ्यातलं पाणी तसंच होतं, आणि रात्र पडायला तीन तास होते.

घरी फोन केला. सुमंतने उचलला नाही. पुन्हा केला, तिसऱ्यांदा केला. ज्या घरात एकदा झटका येऊन गेला आहे, तिथला फोन उचलला गेला नाही की माणसाचं काय होतं ते सांगून कळायचं नाही. जेट, पाइप, एप्रिल, सगळं डोक्यातून गेलं. भाजीची ट्रॉली दुकानात तशीच सोडून मी निघाले. वीस मिनिटांच्या रस्त्यात मी देवाला जी काही आश्वासनं दिली ती नंतर पाळलेली नाहीत.

सोफा रिकामा होता. सुमंत बाथरूममध्ये नव्हता, बेसमेंटमध्ये नव्हता. फोन टीव्हीशेजारी पडला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघितलं तर आरव्हीचं दार अर्धवट उघडं.

तो आत, कपाटाएवढ्या त्या संडासात, गुडघ्यांवर बसला होता. अंगात कोट नाही, नुसता स्वेटर. खांदा भिंतीला टेकवलेला, डाव्या हातात पान्हा, आणि चेहरा लालबुंद.

"कॉक जाम झालाय," मागे न बघता तो म्हणाला. "नुसता फिरवला तर पाइपच पिळवटतोय. मागून धरायला दुसरा हात हवा."

माझ्या जिवात जीव आला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले आणि म्हणाले, मलाही आत्ताच दुकानात आठवलं, तुला कसं आठवलं?

तो म्हणाला, "मी विसरलोच नव्हतो."

"मी तुला विचारलं होतं, काही राहिलं का म्हणून."

"हो."

"आणि तू नाही म्हणालास."

"हो."

मग मी त्याला जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. लबाड म्हणाले, भित्रा म्हणाले, दिवसभर मला राबवलंस आणि खुर्चीत बसून मजा बघितलीस म्हणाले. आजारी माणसाला असं बोलू नये हे मला कळतं. पण तीन महिन्यांत मी त्याला एक शब्दही लागेलसा बोलले नव्हते, आणि ते सगळं साचलं होतं. तो गुडघ्यांवरच बसून ऐकत राहिला. माझं संपल्यावर बोलला.

"पाइप फुटला असता तर विकायचं आपोआप ठरलं असतं. मला तोंड उघडावं लागलं नसतं. तुझं सारखं एप्रिल, एप्रिल. रोज सकाळी उठून तू माझी बोटं हलतात का बघतेस. रेखा, हा हात स्टेअरिंग धरणार नाही. मला आतून कळतंय ते. तुला कसं सांगायचं?"

मी दाराच्या पायरीवर बसले. राग होताच, पण त्याहून जास्त लाज वाटली. मला वाटत होतं मी ह्याला धीर देते आहे. खरं तर मी रोज सकाळी त्याच्यापुढे परीक्षेचा पेपर ठेवत होते, आणि आपण नापास होणार हे त्याला आधीच माहीत होतं. त्याच्या हाताशिवाय दुसरी कशाची आशा धरता येते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मग आज इथे कशाला आलास?" मी विचारलं.

"टीव्हीवर थंडीचं सांगत होते. म्हटलं, फुटू दे. अर्धा तास तसाच बसलो." त्याने पान्हा खाली ठेवला. "बसवेना गं."

आधी मी घरातून त्याचा कोट आणला आणि त्याच्या अंगावर घातला. अँटिफ्रीझचा उरलेला अर्धा कॅन काढला, पंपाची नळी त्यात सोडली. मग त्याच्या पाठीवरून वाकून कमोडमागे हात घातला आणि पाइप दोन्ही हातांनी गच्च धरला. त्याने डाव्या हाताने पान्हा लावला. पहिल्यांदा घसरला, दुसऱ्यांदा माझ्या अंगठ्यावर बसला. तिसऱ्यांदा कॉक करकरला आणि फिरला.

मी पंप चालू केला, जेट दाबला. आधी थंडगार पाणी आलं, मग जेटने दोन उचक्या दिल्या, आणि मग गुलाबी फवारा थेट सुमंतच्या कोटावर. मी घाईने सोडून दिला तर तो ओरडला, थांबू नकोस, अजून फेस आहे, फेस पूर्ण जाऊ दे, नळी उभी धर, अशी नाही, अशी. तीन महिन्यांत एवढं तो सलग बोलला नव्हता. मला हसू यायला हवं होतं, पण रडूच आलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तशीच नळी उभी धरून रडले.

सगळं बंद करून आम्ही गाडीतल्या बाकावर शेजारी शेजारी बसलो. दोघांची बोटं गारठली होती. पाइपाचं काम झालं होतं, पण एप्रिलचं तसंच होतं, आणि आता मला एप्रिल हा शब्दही काढायची भीती वाटत होती. तो शब्द त्यानेच काढला.

"एप्रिलमध्ये तू चालवशील?"

मी जन्मभर कोरोला चालवली आहे, तीही पार्किंगमध्ये टोकाची जागा बघून लावते. हायवेवर ट्रक शेजारून गेला तरी माझा श्वास अडकतो. मी म्हणाले, "मी?"

"पुस्तक वाचून नाही यायचं ते," सुमंत म्हणाला. "मी शिकवीन."

मी हो म्हणून बसले. घाबरायचं नंतर आठवलं.

त्या रात्री निमिषला फोन केला. आधी त्याला वाटलं आम्ही थट्टा करतो आहोत. मग त्याने इन्शुरन्स, माझं वय आणि माझे गुडघे ह्यांवर पाच मिनिटं व्याख्यान दिलं. सुमंतने माझ्या हातून फोन घेतला आणि शांतपणे सांगितलं की डीलरला नाही म्हणून कळव. निमिष म्हणाला, बाबा, शुअर ना? सुमंत म्हणाला, शुअर नाही, पण कळव.

रविवारी सकाळी हायस्कूलच्या मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये आम्ही गेलो. तिथवरचं दीड मैल अंतर मी ताशी पंधरा मैलांनी कापलं. मागे सात गाड्यांची रांग लागली होती आणि सुमंत शेजारी बसून म्हणत होता, वाजवू दे त्यांना हॉर्न, आरशात बघ, रस्त्यात बघ. लॉटमध्ये पोचल्यावर तो खाली उतरला, पांढऱ्या पट्ट्यांच्या मधे लांब जाऊन उभा राहिला आणि मला गाडी मागे घ्यायला सांगितलं.

पहिल्या खेपेला मी दोन जागांच्या मधोमध आडवी थांबले. दुसऱ्या खेपेला कचऱ्याचं पिंप पाडलं. तिसऱ्या वेळी आरशात फक्त तो दिसत होता. मफलर, टोपी, उजवा हात कोटाच्या खिशात, आणि डाव्या हाताने मला बोलावत होता. येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे. मी येत गेले. मग त्याने हात आडवा केला आणि मी ब्रेक दाबला.

तो चालत माझ्या खिडकीशी आला. चाक किती आधी वळवायला हवं होतं, आरसा कुठे बघायला हवा होता, माझं लक्ष नेमकं कुठे असतं, ह्यावर त्याने मला भर थंडीत चांगलं झापलं. मी कोणाचं ऐकून घेणाऱ्यांतली नाही, इथल्या सगळ्या मराठी मंडळात माझी तशी ख्याती आहे. पण त्या दिवशी मी एक शब्द उलटा बोलले नाही. ऐकत बसले, कारण हा माणूस मला परत मिळेल असं मला ऑगस्टपासून वाटत नव्हतं.

बोलून झाल्यावर तो पुन्हा चालत मागे गेला, पट्ट्यांमधे उभा राहिला आणि डावा हात वर केला.

"पुन्हा," म्हणाला.