सत्त्याण्णव

तिनं भिंतीवरची ऑक्सिजनची कळ फिरवली, तशी काचेच्या नळीतली गोळी एकवरून उसळून चारवर गेली. बाबांच्या बोटावरच्या, रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्यात सकाळपासून अठ्ठ्याऐंशी दिसत होते आणि वॉर्डात येणाऱ्या-जाणाऱ्या सिस्टर त्याकडे ढुंकूनही बघत नव्हत्या. बाळाला ताप आला होता तेव्हा असल्याच चिमट्यानं तिचा जीव टांगणीला लावला होता. पंच्याण्णवच्या खाली गेलं की धावत दवाखान्यात यायचं, हे तिला तेव्हापासून पाठ होतं.

एक्क्याण्णव. चौऱ्याण्णव. सत्त्याण्णव.

"पोरीला नळ दिसला की सोडल्याशिवाय चैन पडत नाही," बाबा पुटपुटले.

हळूहळू त्यांची कुरकुर थांबली. जन्मभर सुतारकामात लाकडाचा भुसा ओढून खरखरणारी छाती संथ झाली. तिनं नवऱ्याला कळवलं: सत्त्याण्णव. शांत झोपलेत. बाळाला भरवलंस का?

तासाभरानं सिस्टर आल्या. आकडा बघून त्या खूश होतील असं तिला वाटलं. त्यांनी बाबांना हाक मारली, खांदा हलवला, मग जागं करायला छातीच्या मधोमध मूठ घासली. बाबा नुसते कण्हले.

"चार कुणी केला?"

तिनं हातातला फोन पालथा ठेवला. सिस्टरांनी गोळी खाली आणून डॉक्टरांना बोलावलं. मनगटातून रक्त काढलं, तोंडावर श्वासाच्या मशीनचा घट्ट मास्क चढला.

"असल्या जुनाट फुप्फुसांना अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव पुरतं," रक्ताच्या नळीवर चिठ्ठी चिकटवत डॉक्टर म्हणाले. "फाजील दिला की आतला खराब वायू साठतो, माणूस गुंगतो. वेळेत नाही लक्षात आलं तर उठतच नाही."

ती चादरीची एकच सुरकुती पुन्हा पुन्हा सरळ करत राहिली.

दुपार कलता कलता बाबांनी डोळे उघडले. मास्क काढून पुन्हा नाकातली नळी लावल्यावर सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काका, कळ कुणी फिरवली?"

बाबांनी तिच्याकडे बघितलंही नाही. "मीच. घुसमटत होतं."

"वा! म्हणजे आम्ही इथे उगीचच. आता हात बांधते, मग रागवायचं नाही."

सिस्टरांनी खिशातून बांधायची पट्टी काढली. बाबांनी मुकाट मनगट पुढे केलं.

"धरा हो जरा," सिस्टर तिला म्हणाल्या.

तिनं धरलं. रंध्यानं घट्टे पडलेला तळवा तिच्या हातात कोरडा, हलका लागला. पलंगाच्या दांडीला एक गाठ बसली.

"नीट मारा हो गाठ," बाबा म्हणाले. "पोरगी निर्धास्त घरी जाईल. लेकरू वाट बघतंय तिचं."

"दुसरा द्या."

तिनं दुसरा हात उचलला. दिला नाही.

"सिस्टर, बाबांचा हात तिथवर पोचत नाही."

सिस्टरांनी मान वर करून भिंतीवरच्या कळेकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

बाबांनी डोळे मिटून घेतले.