एकच माणूस

“नाव सारखं, गाव सारखं, वयात दोन-तीन वर्षांचा फरक, की एकच माणूस समजायचं आणि ‘हो’ दाबायचं,” नवी सिस्टीम बसवणाऱ्या कंपनीकडून आलेला शिवानंद म्हणाला. “सातला जुना कॉम्प्युटर बंद करायचाय. त्याच्या आत ही बाराशे नावं संपवा.”

शरणप्पा हवालदार त्या जुन्या कॉम्प्युटरपुढं एकोणीस वर्षं बसला होता. ठाण्यातला प्रत्येक फिर्यादी, प्रत्येक आरोपी त्यानंच टाइप केला होता. कुठं घोटाळा होईल असं वाटलं, की तो शेऱ्याच्या रकान्यात एखादी ओळ लिहून ठेवी.

“अन् शेरे?” त्यानं विचारलं.

“नव्या सिस्टीममध्ये शेरे येत नाहीत.”

“मंग कागदं काढून एकेक नाव बघावं लागंल. दोन दिवस द्या.”

ठाणेदार दारातूनच म्हणाले, “जिल्ह्यात आपलंच ठाणं मागं राहिलंय, शरणप्पा. आज संपव.”

सकाळभर तो नावानावापाशी थांबत होता. दुपारनंतर बोट आपोआप चालू लागलं. पाचच्या सुमाराला बोरखडीचे दोन दगडोबा शिंदे पडद्यावर आले. एकाची मोटारसायकल चोरीला गेली होती. दुसऱ्यावर शाळकरी मुलीची छेड काढल्याचा गुन्हा होता. तो केव्हाच गाव सोडून गेला होता. ‘नाव एक, माणसं दोन,’ असा शेरा शरणप्पानंच कधीतरी लिहिला होता. बोटानं ‘हो’ दाबलं आणि ते पुढं गेलं. सातच्या आत काम संपलं. ठाणेदारांनी त्याची पाठ थोपटली.

ज्याची मोटारसायकल चोरीला गेली होती, तो दगडोबा चौदा वर्षं शाळेची गाडी चालवत होता. लहानग्यांना काखेत धरून एकेक करून खाली उतरवायचा. जूनमध्ये शाळेनं पोलिसांकडं ड्रायव्हरांची पडताळणी मागितली. उत्तर नव्या सिस्टीममधून थेट शाळेत गेलं आणि दुपारपर्यंत गावात पसरलं.

दुसऱ्या दिवशी दगडोबा ठाण्यात आला तेव्हा त्याच्या सदऱ्याची बाही खांद्यापासून लोंबत होती. भुवईवर रक्त वाळलं होतं.

“अप्पा, मला सम्द्यांनी मिळून मारलं. ज्यांची लेकरं म्या नेतो, त्यांनीच. म्या काय केलं ते तरी सांगा.”

शरणप्पानं नोंद उघडली. खाली दोन माणसं एक केल्याची तारीख होती, वेळ होती आणि त्याचा स्वतःचा बक्कल नंबर होता. त्यानं नोंद बंद केली.

“सिस्टीमची चूक हाय, दगडू. म्या वर लिवतो.”

त्यानं लिहिलं. वरून ‘विनंती प्राप्त झाली’ एवढंच आलं. मग तो ठाणेदारांकडं गेला. “साहेब, हातानं एक दाखला लिहून द्या. माणूस मरंल.”

“हातानं लिहिलेलं आता चालत नाही. आणि ह्या दोघांना एक कुणी केलं म्हणून चौकशी लागली तर तुझाच नंबर निघेल. रिटायर व्हायला वर्षच राहिलंय ना तुझं? गप बस.”

शरणप्पा गप्प बसला. दर आठवड्याला मात्र तो बोरखडीला जाई. दगडोबाची पोरगी अर्पिता चहा करी. लोहाऱ्याच्या मुलाशी ठरलेलं तिचं लग्न श्रावणात मोडलं. पोरगी चांगली हाय, पण बाप असला, असा फोनवर निरोप आला. त्या दिवशीही तिनं शरणप्पाला चहा दिला आणि आत निघून गेली.

दिवाळीनंतर दुरुस्ती झाली. शरणप्पा कागद घेऊन गेला. दगडोबानं तो उलटसुलट करून पाहिला.

“मला वाचून दावू नका, अप्पा. चौकात वाचा.”

दोघं चौकात गेले. शरणप्पानं मोठ्यानं वाचलं, “सदर इसमाविरुद्ध कोणताही गुन्हा दाखल नाही.” पारावरच्या पाच-सहा जणांनी ऐकून घेतलं.

त्यातला एक म्हणाला, “त्यानं केलं हेबी पोलिसांनीच लिवलं हुतं. आता न्हाय म्हनतेत. कोनचं खरं धरावं?”

“हे खरं. चूक माझी हाय. दोन मानसं एक म्या केली. ह्या हातानं.”

एकानं तंबाखू मळायला घेतली. दगडोबा तेवढा वळला.

“तुमी केलं?”

“व्हय.”

“पाच महिने माझ्या घरी चहा पिलाव तुमी.”

शरणप्पानं हातातल्या कागदाची घडी घातली.

तेवढ्यात शाळेची गाडी आली. नवा ड्रायव्हर खाली उतरला नाही; लेकरं आपली आपण उड्या मारू लागली. एक चिमुरडी पायरीवरच अडली. तिनं दगडोबाला पाहिलं आणि ओळखीनं दोन्ही हात वर केले. तिची आई धावत येत होती.

दगडोबानं आपले हात पाठीमागं बांधून घेतले, आणि आई पोरीला उचलून लांब जाईपर्यंत तो तसाच उभा राहिला.